घरच्या माणसासाठी कॅमेरा घेताय? कपाटात पडून राहणार नाही असा घ्या

२०१७ साली बाबा शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा आम्ही भावंडांनी पैसे जमवून त्यांना डीएसएलआर घेऊन दिला. दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, सगळा सरंजाम. सत्काराच्या दिवशी त्यांनी तो गळ्यात घातला, पाहुण्यांनी कौतुक केलं. त्यानंतर तो एकदा गणपतीत बाहेर आला आणि पुढचे दोन पावसाळे चिपळूणजवळच्या आमच्या घरी लोखंडी कपाटात पडून राहिला. तिसऱ्या वर्षी मी लेन्स उजेडाकडे धरून पाहिली, तर आत कोळिष्टकासारखी बुरशी पसरलेली.

बाबांचं काही चुकलं नव्हतं. तो आम्हाला आवडलेला कॅमेरा होता. त्यांना किती वजन पेलतं, चष्म्यातून काय दिसतं, फोटो कशाचे काढायचेत, यातलं काहीही आम्ही विचारलं नव्हतं.

२०२३च्या दिवाळीत दुसरा घेतला, तो आजही वापरात आहे. मधल्या काळात दुकानं पालथी घातली, थोडे पैसे वाया घालवले आणि बरंच शिकले. तुम्ही आई-बाबांसाठी, भाच्यासाठी किंवा नवऱ्यासाठी कॅमेरा शोधत असाल तर ही वाट जरा सोपी व्हावी म्हणून लिहिते आहे. भाव मुद्दाम देत नाही, दर दसऱ्याला ते बदलतात.

१. कॅमेरा हवाच आहे का, ते आधी ठरवा

घरगुती समारंभ, जेवणाची ताटं, नातवंडं, प्रवासातली देवळं एवढंच टिपायचं असेल, तर चांगला मोबाईल पुरतो. त्या पैशांत जुना मोबाईल बदलून द्या, माणूस जास्त खूश होईल.

वेगळा कॅमेरा घेण्यात अर्थ आहे तो चार-पाच बाबतींत. लांबचं टिपायचंय: पक्षी, क्रिकेट, शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर नाचणारी नात. हलणारं टिपायचंय. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून डोळा लावून बघायचंय. फोटो काढायला शिकायचीच हौस आहे. किंवा जिथे जायचं तिथे मोबाईलच चालत नाही. ताडोबाच्या सफारीत मोबाईल न्यायला बंदी आहे, कॅमेऱ्याला नाही.

यातलं एकही लागू होत नसेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

२. एक आठवडा त्यांच्यावर नजर ठेवा

‘तुम्हाला कसला कॅमेरा हवाय?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘कशाला खर्च करता?’ त्यामुळे विचारू नका, बघा.

मोबाईलमध्ये त्यांनी आधी काढलेले फोटो चाळा. आमच्या बाबांच्या मोबाईलमध्ये शे-दीडशे फोटो होते आणि त्यांतले निम्मे एका वडाच्या झाडाचे. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, प्रत्येक फोटोत कुठेतरी एक काळा ठिपका आहे. तो धनेश होता. बाबा पडवीतून रोज त्याचा फोटो काढत होते आणि मोबाईल रोज त्याचा ठिपका करत होता. आमचा प्रश्न तिथेच अर्धा सुटला.

दुसरं, हात. बोटं सुजतात का, थरथरतात का, खांदा दुखतो का? दुकानात पाचशे ग्रॅम आणि किलो यांतला फरक कळत नाही. गळ्यात अडकवून तासभर चाललं की कळतो. घरी साखरेची एक किलोची पिशवी कापडी झोळीत घालून त्यांच्याकडे द्या आणि सोबत चक्कर मारून या. आईने मला विचारलं, हे काय नवीन खूळ? पण बाबा पिशवी घेऊन नदीपर्यंत जाऊन आले आणि एकदाही खांदा बदलला नाही. म्हणजे किलोपर्यंत चालेल.

तिसरं, डोळे. चष्मा असेल आणि वय साठीपुढे असेल तर नुसता स्क्रीन असलेला कॅमेरा घेऊ नका. डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, पाहिजेच. त्या खिडकीजवळ डायॉप्टरचं एक बारीक चाक असतं. ते फिरवलं की आतलं चित्र आपल्या नंबरप्रमाणे स्पष्ट होतं. आमच्या पहिल्या कॅमेऱ्यालाही ते होतं. आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाबा दोन वर्षं म्हणत राहिले की याचे फोटो धुरकट येतात. फोटो चांगलेच येत होते. धुरकट दिसत होती ती खिडकी.

३. अंतर मोजा

हा टप्पा कोणी सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

ज्याचा फोटो काढायचा ते किती लांब आहे, ते पावलांनी मोजा. आमच्या पडवीपासून वड तीस पावलं, म्हणजे साधारण २० मीटर. आता हा हिशोब करा: अंतर गुणिले ३६, भागिले लेन्सचे मिलिमीटर. उत्तर येतं ते फोटोच्या चौकटीत मावणारी रुंदी, मीटरमध्ये. मिलिमीटरचा आकडा ‘३५ मिमी समतुल्य’ म्हणून दिलेला घ्यायचा. माहितीपत्रकात तो असतोच.

२० मीटरवर काय होतं बघा. मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिमीचा असतो. चौकटीत ३० मीटर रुंदीचा देखावा येतो, त्यात चिमणी कुठे शोधणार? डीएसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ ही किट लेन्स लहान सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आत उजेड टिपणारा भाग) कॅननवर जास्तीत जास्त ८८ मिमीचं काम करते; चौकट ८ मीटरची. आमच्याकडची दुसरी लेन्स २५० पर्यंतची होती, ती ४०० मिमीसारखी वागते, चौकट १.८ मीटर, आणि १५ सेंटिमीटरची चिमणी त्यात बाराव्या हिश्शाएवढी. २००० मिमीला मात्र चौकट फक्त ३६ सेंटिमीटरची होते आणि तीच चिमणी जवळजवळ अर्धी चौकट व्यापते.

हा हिशोब २०१७ मध्ये कोणी करून दाखवला असता, तर तो डीएसएलआर आम्ही घेतलाच नसता.

उलट, ताईच्या दोन वर्षांच्या मुलासाठी अंतर दोन-तीन मीटरच असतं. तिथे झूम नकोच. तिथे लागतो उजेड पकडणारा, पटकन फोकस करणारा कॅमेरा आणि ५० मिमी एफ १.८ सारखी एखादी लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात धावणारं मूल टिपणं हे पक्षी टिपण्याइतकंच अवघड काम आहे, फक्त वेगळ्या तऱ्हेने.

एक सापळा लक्षात ठेवा. झूम बघताना फक्त ‘ऑप्टिकल’ झूमचा आकडा बघा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. ते काम घरी मोबाईलवरही होतं.

आणि मेगापिक्सेल. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला २ मेगापिक्सेलच्या जरा वर पुरतात. १६ मेगापिक्सेलमध्ये जवळपास ए-३ आकाराची उत्तम प्रिंट निघते. ‘साहेब, हा चोवीसचा घ्या, तो सोळाचाच आहे’ असं दुकानदार म्हणाला, तर मान डोलवा आणि पुढचं विचारा.

४. जाती चार, त्यांतली एक तुमच्या कामाची

खिशातला कॉम्पॅक्ट: आईसारख्या यात्रा कंपनीबरोबर फिरणाऱ्या माणसाला बरा, पर्समध्ये मावतो. पण स्वस्त कॉम्पॅक्ट आणि चांगला मोबाईल यांत मोबाईलच सरस ठरतो. घ्यायचाच तर एक इंची म्हणतात तो सेन्सर असलेला घ्या.

डीएसएलआर: आत आरसा असलेला, जाडजूड. मजबूत आहे आणि बॅटरी खूप चालते. कॅननच्या १५००डीची कंपनीच ५०० फोटो सांगते. पण कॅनन आणि निकॉन या दोघांचंही लक्ष आता मिररलेसवर आहे, नव्या लेन्सही त्याच्यासाठीच येतात. वापरलेला स्वस्तात मिळाला तर शिकाऊ मुलांना छान. नवा घेऊन भेट द्यावा असं मला आता वाटत नाही.

मिररलेस: आरसा काढून टाकलेला, त्यामुळे हलका. कॅननच्या आर ५० चं वजन बॅटरी आणि कार्डासकट ३७५ ग्रॅम आहे. लेन्स बदलता येतात, फोकस हुशार असतो, माणसाचा किंवा प्राण्याचा डोळा आपोआप धरतो. मुलांचे फोटो, लग्नकार्य, व्हिडिओ, शिकण्याची हौस या सगळ्यांसाठी हाच. पण काही मॉडेलांना व्ह्यूफाइंडरच नसतो. निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही-ई १० हे त्यांतलेच. यूट्यूबसाठी बोलणाऱ्या भाच्याला ते चालतात, बाबांना नाही. शिवाय लेन्सचा खर्च इथे संपत नाही. भेट घेणाऱ्याला पुढची दहा वर्षं काहीतरी घ्यावंसं वाटत राहतं आणि ते तुमच्याकडे बघून वाटतं.

ब्रिज कॅमेरा: दिसायला डीएसएलआरसारखा, पण लेन्स एकच, न निघणारी, आणि झूम अफाट. निकॉनचा पी ९५० हा २४ ते २००० मिमी जातो, वजन एक किलोच्या आसपास. त्याच घरातला पी १००० हा ३००० मिमीपर्यंत जातो, पण वजन १.४ किलो. साखरेच्या पिशवीने तो बाद केला.

ब्रिजचं दुखणंही सांगते, नाहीतर नंतर मला शिव्या द्याल. त्याचा सेन्सर नखाएवढा असतो. लहान सेन्सरच्या डीएसएलआरशी तुलना केली तरी क्षेत्रफळ बाराव्या हिश्शाचं. त्यामुळे उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. सूर्य मावळला की पक्षी संपले. उडता पक्षीही फार हाती लागत नाही. ज्याला फोटो स्पर्धेला पाठवायचेत त्याने मिररलेस आणि १००-४०० सारखी लेन्स घ्यावी. बाबांना स्पर्धेत रस नव्हता. त्यांना धनेशाच्या चोचीवरचं ते शिंगासारखं टोपण नीट बघायचं होतं.

आम्ही पी ९५० घेतला. तुम्ही वाचाल तेव्हा कदाचित दुसरं मॉडेल आलेलं असेल; अंतराचा हिशोब तोच राहील.

५. बजेटमधले पंधरा-वीस टक्के बाजूला काढा

कॅमेऱ्यावर सगळे पैसे संपवलेत तर भेट अर्धवट राहते. एवढं तरी लागतं:

दुसरी बॅटरी, त्याच कंपनीची. पी ९५० एका बॅटरीवर कंपनीच्या हिशोबाने २९० फोटो काढतो. झूम पुढेमागे करत बसलं की त्याहून कमी.

बाहेरचा चार्जर. हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांत बॅटरी आतच ठेवून केबल लावावी लागते, म्हणजे चार्ज होईपर्यंत कॅमेरा अडकून पडतो.

मेमरी कार्ड, ६४ जीबी, त्यावर व्ही ३० किंवा यू ३ अशी खूण असलेलं. दोन्हींचा अर्थ सेकंदाला निदान ३० एमबी वेगाने लिहिणारं. कार्ड रस्त्यावरच्या स्टॉलवरून किंवा अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून घेऊ नका. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. ती ६४ म्हणून मिळतात आणि आठ-दहा जीबीनंतर फोटो गिळायला लागतात. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवरून कार्ड काठोकाठ भरून तपासतं.

मोबाईलला लागणारा कार्ड रीडर. हा विसरू नका, का ते पुढे येईल.

रुंद, मऊ पट्टा. कंपनीचा पट्टा मानेला काचतो, वर मोठ्या अक्षरांत जाहिरात करतो ते वेगळंच.

हवाबंद डबा आणि सिलिका जेल. कोकणात राहत असाल तर हे यादीत पहिलं.

दुकानदार ‘फ्री’ म्हणून बॅग, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर पुढे करतो. तो ट्रायपॉड मोबाईलचं वजनही धड पेलत नाही. हलक्या प्रतीचा फिल्टर लेन्सपुढे लावला की दिव्यांच्या फोटोत भुतं, म्हणजे दिव्यांची खोटी प्रतिबिंबं, दिसायला लागतात. त्याऐवजी ‘एवढं सगळं नको, बॅटरीवर कमी करा’ म्हणा. बहुतेक वेळा करतात.

६. दुकानात

मुंबईकरांना फोर्टातलं बोरा बाजार ठाऊक असतं. कॅमेऱ्यांची दुकानं तिथे रांगेने आहेत. बाकी शहरांतही कंपनीचे अधिकृत विक्रेते असतात. ऑनलाइन स्वस्त मिळालं तरी एकदा दुकानात जाऊन हातात घेतल्याशिवाय ठरवू नका. आणि शक्य असेल तर ज्याला द्यायचा त्यालाच सोबत न्या. ‘मला बघायचाय, तुम्ही चला नुसते’ म्हणून न्या. आश्चर्याचा धक्का तारखेचा ठेवा, मॉडेलचा नको.

हातात घेतल्यावर एवढं बघायला लावा: अंगठा मागच्या बटणांवर सहज पोहोचतो का, चष्मा घालून खिडकीचे चारही कोपरे दिसतात का, झूमचा खटका बोटाला जड जातो का, स्क्रीनवरची अक्षरं वाचता येतात का. मेन्यूची भाषाही विचारा. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये मराठी मेन्यू असतो. आम्ही मोठ्या कौतुकाने तो लावला. बाबा मराठीचे शिक्षक. त्यांनी दोन दिवस तो वाचला आणि म्हणाले, ‘इंग्रजीच ठेव, हे मलाच समजत नाही.’

घरी येताना हातात असायला हवं ते असं:

जीएसटी क्रमांक असलेलं छापील बिल. कॅमेऱ्यावर २०१९च्या जानेवारीपासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ होता. ‘बिल नको असेल तर एवढ्याला देतो’ म्हणणाऱ्याकडून वॉरंटीची अपेक्षा धरू नका.

शिक्का आणि तारीख मारलेलं भारतातलं वॉरंटी कार्ड.

कॅमेऱ्याच्या पोटावरचा सीरियल नंबर. तो खोक्यावर, बिलावर आणि कार्डावर तंतोतंत तोच आहे का, हे दुकानातच ताडून बघा.

या सगळ्याचे मोबाईलवर फोटो, आणि कंपनीच्या साइटवर नोंदणी. बिलाची शाई दोन वर्षांत उडते.

ऑनलाइन मागवलंत तर खोका उघडताना सील दिसेल असा एकसलग व्हिडिओ काढा. ‘परत घेणार’ आणि ‘बदलून देणार’ यांतला फरक आधी वाचा. दिवाळीच्या सेलमध्ये घेऊन वाढदिवशी द्यायचा बेत असेल, तर बदलून घ्यायची मुदत केव्हाच उलटलेली असते.

७. ‘दुबईहून आणतो’ आणि ‘मित्राचा आहे, थोडाच वापरलाय’

दादा दुबईला असतो. तो म्हणाला, इकडे स्वस्त आहे, घेऊन येतो. फरक होता खरा. पण बाहेर घेतलेल्या कॅमेऱ्याची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही. कंपनीच्या इथल्या सेवा केंद्राला मॉडेल आणि खरेदीचा देश सांगून आधी विचारा, जमलं तर ईमेलने, म्हणजे उत्तर लेखी राहतं. आम्ही विचारलं, उत्तर ऐकलं आणि इथेच घेतला. दादाने मग त्या पैशांत बॅटरी, कार्ड आणि पट्टा दिला.

वापरलेला घेत असाल तर मूळ बिल मागा. चोरीचा माल टाळायचा तोच मार्ग. साध्या डीएसएलआरचं शटर, म्हणजे दर फोटोला उघडझाप करणारा आतला पडदा, साधारण एक लाख फोटोंच्या हिशोबाने बनवलेलं असतं, म्हणून किती झाले ते विचारा. लेन्स मोबाईलच्या टॉर्चसमोर तिरकी धरून बघा, जाळं दिसलं तर तिथूनच परत फिरा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा, एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसणारे काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. बॅटरीची दारं, केबलचं भोक, झूमची खरखर, सगळं हाताने तपासा. ब्रिज कॅमेरा मात्र वापरलेला घेऊ नका असं माझं मत आहे. त्याची लेन्स मोटारीवर पुढेमागे होते. ती अडकली की दुरुस्तीचा खर्च ऐकून नवाच बरा वाटतो.

८. देण्याआधी खोका उघडा

भेटवस्तूचं सील फोडायचं नाही, असं आपल्याला वाटतं. इथे फोडा. सीलबंद खोका दिलात तर समोरच्याच्या वाट्याला पहिला दिवस इंग्रजी माहितीपुस्तक आणि रिकामी बॅटरी एवढंच येतं. मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री बसून हे सगळं केलं:

दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या. तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन लावला. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. फोटो जेपेगमध्ये ठेवले. रॉ प्रकारातले फोटो जड असतात आणि संगणकावर बसून तयार करावे लागतात. ज्याला ते करायचंय तो आपणहून विचारेल. कॅमेऱ्याची टिकटिक बंद केली, पक्षी बिचकतात. फोकससाठी पेटणारा समोरचा लाल दिवा बंद केला. डिजिटल झूम बंद केला. पट्टा ओवून त्याची टोकं नीट अडकवली.

मग वरची चकती. तिच्यावर डझनभर खुणा असतात आणि नवख्या माणसाची पाचावर धारण तिथेच बसते. पी ९५० च्या चकतीवर पक्ष्यांसाठी आणि चंद्रासाठी वेगळ्या जागाच दिल्या आहेत. मी आईच्या पाकिटातल्या तीन टिकल्या घेतल्या. हिरवी ऑटोला, लाल पक्ष्याला, पिवळी चंद्राला. बाकी खुणांकडे वर्षभर बघायचं नाही, असं ठरवून टाकलं. लाल टिकली अजून तिथेच आहे.

आणखी एक बटण दाखवून ठेवा. लांब झूम केला आणि पक्षी हलला की चौकटीत नुसतं आकाश उरतं, आणि पक्षी कुठे गेला ते सापडत नाही. लेन्सच्या बाजूला झूम तात्पुरता मागे नेणारं बटण असतं. ते दाबून धरायचं, पक्षी परत मधोमध आणायचा, बोट सोडायचं, झूम पुन्हा पुढे. हे एवढं जमायला बाबांना चार दिवस लागले. त्याआधी ते दर फोटोला ‘उडाला’ म्हणत होते, आणि पक्षी आपला तिथेच बसलेला.

खोक्यात एक कागद ठेवा, हाताने लिहिलेला, मोठ्या अक्षरात, जास्तीत जास्त सात ओळींचा. चालू कसा करायचा, झूम कुठे, फोटो बघायचे कसे, बॅटरी कशी काढायची. बाबांचा कागद आता पडवीतल्या कॅलेंडरच्या मागे टाचणीने लावलेला आहे.

हात थरथरत असतील तर भिंतीला टेकून, कोपर पोटाशी धरून, श्वास सोडता सोडता बटण हलकेच दाबायचं. कठड्यावर ठेवायला अर्धा किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी शिवा. त्या फुकटच्या ट्रायपॉडपेक्षा ती बरी.

९. पावसाळा

बुरशीला ओल, अंधार आणि कोंडलेली हवा लागते. कपाटातली बॅग तिला तिन्ही देते. कॅमेरा बॅगेत ठेवायचाच नाही. बॅग फक्त प्रवासाला.

स्वयंपाकघरात मिळतो तसा रबरी कडेचा हवाबंद पारदर्शक डबा घ्या. तळाला सिलिका जेलच्या पिशव्या, आणि एक छोटा आर्द्रता मापक. ऑनलाइन स्वस्त मिळतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झालं. साठच्या वर सरकला की जेल बदला. निळी जेल ओल पिऊन गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवी. कढईत मंद आचेवर परतली की पुन्हा मूळ रंगावर येते. त्यासाठी जुनी, टाकाऊ कढई ठेवा. स्वयंपाकाची वापरू नका, विशेषतः निळ्या जेलसाठी. तांदळात कॅमेरा पुरून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदळाची भुकटी आत शिरते. पैसे असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट मिळतं. पण आमच्याकडे पावसात वीज असते कुठे?

सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे वापरणं. आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून उजेडात दहा मिनिटं झूम पुढेमागे करायला सांगा.

१०. पहिले तीन महिने तुमचेही

कॅमेऱ्यातला फोटो मोबाईलवर येत नाही तोवर आपल्या घरांत त्याला फोटो म्हणत नाहीत. प्रत्येक कंपनीचं त्यासाठी ॲप असतं. निकॉनचं स्नॅपब्रिज, कॅननचं कॅमेरा कनेक्ट. जोडणी कधी होते, कधी नाही, आणि प्रत्येक वेळी फोन तुम्हाला येतो. म्हणून तो कार्ड रीडर. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, रीडर मोबाईलला लावा. बाबांना हे पहिल्या दिवशी जमलं. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला शिकवा, नाहीतर एवढ्या लांबून आणलेला धनेश पुन्हा धूसर होऊन पोहोचतो.

घरच्या ग्रुपवर फोटो आला की नुसता अंगठा टाकू नका. पक्षी कोणता, कुठे बसला होता, विचारा. आमच्याकडे खंड्या, तांबट, वेडा राघू आणि स्वर्गीय नर्तक एवढे मला आता ओळखू येतात.

विमानाने कुठे निघाले तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. दर दिवाळीला घरी गेलात की कार्डावरचे फोटो हार्ड डिस्कवर उतरवा आणि मग कार्ड रिकामं करा. कार्ड भरलं की ज्येष्ठ मंडळी जुने फोटो पुसत बसतात आणि नेमके चांगले पुसतात.

आणि प्रिंट काढायला जाल तेव्हा एक सांभाळा. पी ९५० सारख्या कॅमेऱ्यांचा फोटो ४:३ मापाचा असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ चा. स्टुडिओवाला काही न विचारता वरून-खालून मिळून अकरा टक्के कापतो. बाबांच्या पहिल्या धनेशाची प्रिंट मी घाईघाईने काढून आणली, फ्रेम केली, आणि त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली. चोचीवरचं टोपणच कापलं गेलं होतं. स्टुडिओत ‘न कापता, बाजूला पांढरी कड सोडून’ असं सांगायचं. भिंतीवर आता तशीच दुसरी प्रिंट आहे, आणि पहिली आईने दुधाच्या हिशोबाच्या वहीत खूण म्हणून घातली आहे.